डिस्कचा शेर, डेटाबेसची पायली

माहिती साठवणारी डिस्क एका मापाने मोजते आणि तिच्यावर उभा असलेला डेटाबेस दुसऱ्याच मापाने. ही दोन मापे जुळली नाहीत तर कामाचा वेग मंदावतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर खात्यातील नोंदच अर्धवट राहू शकते. बँकेच्या सर्व्हरपासून खिशातल्या मोबाइलपर्यंत सर्वत्र लागू असलेल्या या मापांच्या हिशेबाविषयी...

‘विंडोज ११’ ही मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर काही संगणकांवर एक चमत्कारिक अडचण उद्भवू लागली. संगणक व्यवस्थित चाले, फाइली उघडत, इंटरनेटही सुरळीत असे. मात्र त्याच कंपनीचा ‘एसक्यूएल सर्व्हर’ हा डेटाबेस काही केल्या सुरू होईना. तो नव्याने बसवायला घ्यावा, तर अखेरच्या टप्प्यावर येऊन अडे. डिस्क नादुरुस्त नव्हती, व्हायरसचा उपद्रव नव्हता आणि डेटाबेसच्या फाइलींतही काही दोष नव्हता. सारे अडले होते ते एका आकड्यावर.

या संगणकांतील नव्या धाटणीच्या ‘एनव्हीएमई’ डिस्क आपला भौतिक सेक्टर ८ किंवा १६ किलोबाइटचा असल्याचे सांगत होत्या. विंडोज १० हा आकडा वरपर्यंत पोहोचू देत नसे. विंडोज ११ तो जसाच्या तसा कळवू लागली. ५१२ बाइट आणि ४ किलोबाइट या दोनच मापांशी परिचय असलेल्या डेटाबेसने तिसरे माप समोर येताच काम करण्यास नकार दिला. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपायही बोलका होता. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून डिस्कचे माप ४ किलोबाइटच आहे, असे डेटाबेसला भासवावे, असा तो उपाय!

एरवी कोणाच्याही दृष्टीस न पडणारा हा आकडा एवढा महत्त्वाचा का असावा? त्याचे उत्तर डिस्क आणि डेटाबेस यांच्या हिशेबाच्या पद्धतीत दडलेले आहे.

शेराखाली माप नाही

डिस्कवर एक अक्षर, म्हणजे एक बाइट, सुटा लिहिता येत नाही. डिस्क नेहमी ठरावीक आकाराचा तुकडाच वाचते आणि ठरावीक आकाराचा तुकडाच लिहिते. या तुकड्याला सेक्टर किंवा ब्लॉक म्हणतात. ज्या दुकानदाराकडे शेराखाली मापच नाही, त्याला चिपटेभर धान्य बदलून द्यायचे झाले तरी अख्खा शेर ओतून पुन्हा भरावा लागेल. डिस्कचे तसेच आहे. तुकड्यातील एक बाइट बदलायचा असला तरी संपूर्ण तुकडा नव्याने लिहावा लागतो.

डेटाबेसचे माप याहून मोठे असते. त्याला ‘पेज’ म्हणजे पान असे म्हणतात. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसमधील ‘इनोडीबी’ या साठवण यंत्रणेचे पान मुळात १६ किलोबाइटचे असते. पोस्टग्रेएसक्यूएल ऊर्फ पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल यांचे पान सर्वसाधारणपणे ८ किलोबाइटचे. आजच्या डिस्कचे माप बहुधा ४ किलोबाइट धरले जाते. जुन्या मापांत चार शेरांची एक पायली होत असे. येथेही डिस्कचे चार तुकडे मिळून इनोडीबीचे एक पान होते. पायली भरताना शेर मोजण्यात गफलत झाली की काय होते, हाच या विषयाचा गाभा आहे.

पाचशे बाराची सद्दी

१९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटी या संगणकातील १० मेगाबाइटच्या हार्डडिस्कमध्ये ५१२ बाइटचे सेक्टर होते. पुढे सुमारे तीन दशके व्यक्तिगत संगणकांच्या जगात हेच माप प्रमाण मानले गेले. मात्र डिस्कची क्षमता वाढू लागली, तसा या लहान मापाचा खर्च डोळ्यांत भरू लागला. प्रत्येक सेक्टरसोबत त्याची खूण, मोकळी जागा आणि चुका दुरुस्त करणारी जादा माहिती ठेवावी लागते. ५१२ बाइटच्या सेक्टरमागे हा वरखर्च सुमारे ६५ बाइट होई. म्हणजे शंभरातील जवळपास अकरा वाटे जागा बांधणावळीतच जाई. आठ सेक्टर एकत्र करून ४,०९६ बाइटचा एकच सेक्टर केला, तर हा खर्च सुमारे ११५ बाइटांत भागतो आणि उपयुक्त जागेचे प्रमाण साधारण ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर जाते.

डिस्क उद्योगाच्या ‘आयडीमा’ या संघटनेने या नव्या मापाचे, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड फॉरमॅट’चे, मानक मार्च २०१० मध्ये पूर्ण केले. जानेवारी २०११ पासून घरगुती आणि लॅपटॉपच्या नव्या डिस्क याच मापाने बनवण्याचे उत्पादकांनी ठरवले. परंतु जगातील बहुतेक सॉफ्टवेअरला ५१२ चीच सवय होती. त्यामुळे डिस्कना दोन तोंडे देण्यात आली. आतून ४ किलोबाइटने लिहायचे आणि बाहेर मात्र ‘मी ५१२ चीच आहे’ असे सांगायचे. या तडजोडीने जुनी सॉफ्टवेअर चालू राहिली, पण तिची किंमत कोठेतरी मोजावी लागणारच होती.

त्रेसष्टचा घोळ

विंडोज एक्सपी डिस्कचे विभाग पाडताना पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करीत असे. एका वर्तुळात ६३ सेक्टर, या जुन्या गणिताचा तो वारसा होता. आता ६३ ला आठने भाग जात नाही. साहजिकच नव्या डिस्कवर प्रत्येक फाइलीचा प्रत्येक तुकडा दोन भौतिक सेक्टरांच्या सीमेवर आडवा पडू लागला.

डेटाबेसला याचा फटका कसा बसतो, ते पाहण्याजोगे आहे. १६ किलोबाइटचे पान नीट रेषेत असेल तर त्यासाठी नेमके चार सेक्टर लिहावे लागतात. रेषा चुकली की तेच पान पाच सेक्टरांवर पसरते आणि दोन्ही टोकांचे सेक्टर अर्धेमुर्धे व्यापते. अर्धा सेक्टर तर लिहिता येत नाही. मग डिस्क आधी तो सेक्टर वाचते, त्यातील हवा तेवढा भाग बदलते आणि तबकडीचा एक फेरा पूर्ण होण्याची वाट पाहून पुन्हा लिहिते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने ही वेळ नगण्य. पण सेकंदाला शेकडो नोंदी करणाऱ्या डेटाबेसला ती परवडणारी नाही. विंडोज व्हिस्टापासून पहिला विभाग १ मेगाबाइटच्या, म्हणजे २,०४८ व्या सेक्टरच्या, सीमेवर सुरू होऊ लागला आणि हा घोळ नव्या संगणकांपुरता मिटला. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून नव्या डिस्कवर उतरवली, तर मात्र चुकलेली रेषाही तिच्यासोबत येते.

फ्लॅशची तऱ्हाच निराळी

फिरत्या तबकडीची जागा आता बहुतांश ठिकाणी फ्लॅश चिपवर आधारित ‘एसएसडी’ने घेतली आहे. १९८० च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ज्या तंत्राचा पाया घातला, त्याची ही पुढची पायरी. येथे फेऱ्याची वाट पाहणे नाही. मात्र दुसरे बंधन आहे. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागी पुन्हा लिहिता येत नाही, ती आधी पुसावी लागते. लिहिण्याचे माप असते साधारण ४ ते १६ किलोबाइट आणि पुसण्याचे माप मात्र त्याच्या शेकडो पट मोठे, कित्येकदा काही मेगाबाइटचे.

पाटीवरचा एक शब्द बदलण्यासाठी अख्खी पाटी पुसावी लागावी, तसा हा प्रकार. त्यावर तोडगा म्हणून एसएसडी बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या जागी लिहिते आणि जुनी जागा पुढे कधीतरी, उरलेला उपयुक्त मजकूर हलवून, पुसून घेते. परिणामी डेटाबेसने एकदा लिहिलेले आत प्रत्यक्षात अनेकदा लिहिले जाते. चिप किती वेळा पुसता येईल यालाही मर्यादा आहे. त्यामुळे विनाकारण मोठ्या मापाने लिहिणे म्हणजे वेग घालवणे तर आहेच, शिवाय डिस्कचे आयुष्यही खर्च करणे आहे.

पान लहान का करत नाहीत?

मग डेटाबेसने आपले पान लहानच का ठेवू नये? खातेदाराची शिल्लक बदलण्यासाठी समजा १०० बाइटच बदलायचे आहेत. १६ किलोबाइटचे पान लिहायचे म्हणजे गरजेच्या १६० पटींहून अधिक मजकूर लिहिणे झाले. तथापि या नाण्याला दुसरी बाजू आहे.

डेटाबेसमधील नोंदी शोधण्यासाठी ‘बी-ट्री’ नावाची रचना वापरली जाते. बोइंगच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी १९७० च्या सुमारास ती मांडली. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेची अनुक्रमणिका, तिचीही अनुक्रमणिका, अशी ती उतरंड. एका नोंदीच्या निर्देशासाठी १६ बाइट लागतात असे धरले, तर १६ किलोबाइटच्या पानावर सुमारे हजार निर्देश मावतात आणि तीन पायऱ्यांत शंभर कोटी नोंदींपर्यंत पोहोचता येते. ४ किलोबाइटच्या पानावर सुमारे अडीचशेच निर्देश बसतात. तीन पायऱ्यांत जेमतेम दीड कोटी नोंदी होतात. शंभर कोटींसाठी चौथी पायरी लागते. प्रत्येक पायरी म्हणजे डिस्ककडे आणखी एक खेप.

थोडक्यात, सतत बारीकसारीक बदल होणाऱ्या कामाला लहान पान सोयीचे. मोठ्या पल्ल्याचे वाचन, अहवाल आणि आकडेवारी काढण्याच्या कामाला मोठे पान फायद्याचे. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही एसएसडी वापरताना पानाचा आकार उपकरणाच्या मापाच्या जवळ ठेवण्याचा लाभ सांगितला आहे. न बदललेला मजकूर विनाकारण पुन्हा लिहावा लागत नाही, हे त्याचे कारण.

अर्धे लिहिलेले पान

येथवरचा प्रश्न वेगाचा होता. खरी गंभीर बाब पुढे आहे, ती विश्वासाची. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘यूपीआय’वरून एका महिन्यात एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. यांतील प्रत्येक व्यवहाराची नोंद कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमध्ये होते. ती नोंद होत असतानाच वीज गेली तर?

बहुतेक डिस्क एवढीच हमी देतात, की एक सेक्टर एक तर पूर्ण लिहिला जाईल किंवा मुळीच लिहिला जाणार नाही. चार सेक्टर एकसंध लिहिले जातील, अशी हमी त्यांत नसते. चार शेरांची पायली भरताना दोन शेर पडले आणि दिवे गेले, तर पानाचा पहिला अर्धा भाग नवा आणि दुसरा अर्धा जुना, अशी स्थिती होते. याला ‘टॉर्न पेज’, म्हणजे फाटलेले पान, म्हणतात. पान फाटले आहे हे ओळखणे अवघड नाही. पानावर नोंदवलेली बेरीज, म्हणजे ‘चेकसम’, जुळत नाही. परंतु ओळखणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे.

जुन्या पेढ्यांवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवला जाई आणि नंतर खतावणीत त्या त्या खात्यावर चढवला जाई. डेटाबेसचीही हीच रीत आहे. बदल आधी ‘लॉग’मध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, लिहिला जातो आणि मग सवडीने पानावर जातो. त्यामुळे वीज गेली तरी रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा पूर्ण करता येते. अडचण एवढीच, की रोजकीर्दीत सहसा संपूर्ण पान नसते. ‘अमुक पानावर अमुक जागी हा बदल करावा’ एवढीच सूचना असते. खतावणीचे ते पानच फाटलेले असेल तर सूचना लागू करायची कशावर?

दोनदा लिहिण्याचा खर्च

यावर निरनिराळ्या डेटाबेसनी निरनिराळे मार्ग काढले. इनोडीबी बदललेली पाने आधी ‘डबलराइट बफर’ या स्वतंत्र जागी ओळीने लिहिते, ती डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घेते आणि मगच मूळ जागी लिहिते. मूळ जागी पान फाटले तर स्वतंत्र जागेतील प्रत शाबूत असते. त्या प्रतीतच गडबड झाली तर मूळ पान अजून अबाधित असते. पोस्टग्रेसची पद्धत निराळी. ठरावीक अंतराने होणाऱ्या ‘चेकपॉइंट’नंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला, की ते संपूर्ण पानच रोजकीर्दीत उतरवले जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फाटलेले पान चेकसमने पकडले जाते, दुरुस्तीसाठी मात्र बॅकअपचा आधार घ्यावा लागतो.

या साऱ्या खबरदारीची किंमत जादा लेखनाच्या रूपाने मोजावी लागते. म्हणूनच ‘डबलराइट बंद करा आणि वेग वाढवा’ असा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो अमलात आणल्यावर वेग वाढतोही. केवळ मोजणी पाहणाऱ्याला ही बचत वाटते. पण ज्या दिवशी वीज दगा देते त्या दिवशी तिचा हिशेब चुकता करावा लागतो.

अर्थात, ही खबरदारी निर्धास्तपणे सोडता येईल अशीही परिस्थिती असते. सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेली ‘झेडएफएस’ ही फाइल व्यवस्था जुन्या मजकुरावर कधीच लिहीत नाही. नवा मजकूर दुसरीकडे पूर्ण लिहून झाल्यावरच जुना रद्द करते. तेथे पान फाटण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र तिचे मूळ माप १२८ किलोबाइटचे आहे. ते तसेच ठेवले, तर १६ किलोबाइटच्या पानासाठी आठपट मजकूर हलवावा लागतो. म्हणून ते इनोडीबीसाठी १६ आणि पोस्टग्रेससाठी ८ किलोबाइटवर आणण्याची प्रथा आहे.

उपकरणांनीच मोठ्या मापाची हमी द्यावी, असाही प्रयत्न सुरू आहे. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने २०२२ मध्ये १६ किलोबाइटपर्यंतचे लेखन अखंड राहण्याची सोय काही सेवांसाठी जाहीर केली. २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ६.११ या आवृत्तीत अशा अखंड लेखनाचा पाया घातला गेला आणि जानेवारी २०२५ मधील ६.१३ या आवृत्तीत ‘एक्स्ट४’ व ‘एक्सएफएस’ या फाइल व्यवस्थांनाही त्याचा आधार मिळाला. डिस्क, कार्यप्रणाली आणि डेटाबेस यांनी प्रथमच एकाच मापाची भाषा बोलावी, असा या बदलांचा रोख आहे.

निर्णय पहिल्याच दिवशी

ही सारी चर्चा डेटाबेस सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी. कारण पानाचा आकार मागाहून सहजी बदलता येत नाही. इनोडीबीमध्ये ४, ८, १६, ३२ किंवा ६४ किलोबाइट यांपैकी एक आकार डेटाबेस प्रथम उभा करतानाच ठरवावा लागतो. ओरॅकलमध्ये मूळ ब्लॉकचे माप डेटाबेस निर्माण झाल्यावर बदलत नाही. पोस्टग्रेसमध्ये ते सॉफ्टवेअर बांधतानाच निश्चित होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर निवडच नाही. पान ८ किलोबाइटचेच. माप चुकले तर सगळी माहिती बाहेर काढून नव्या घरात भरणे, हाच मार्ग उरतो. चालत्या कार्यालयात हे काम किती जिकिरीचे असते, ते ज्यांनी केले आहे तेच जाणतात.

मोबाइलमधील असंख्य ॲप ज्यावर चालतात, त्या ‘एसक्यूलाइट’ या चिमुकल्या डेटाबेसनेही काळाची पावले ओळखून २०१६ मध्ये आपल्या पानाचे मूळ माप १,०२४ बाइटवरून ४,०९६ बाइटवर नेले. बदललेल्या उपकरणांशी मेळ राखणे हेच त्यामागचे प्रयोजन.

संगणक विभागाला विचारण्याजोगे पाच प्रश्न

- डिस्क बाहेर सांगते ते माप आणि तिचे आतले भौतिक माप एकच आहे का? विंडोज आणि लिनक्स दोन्हींत हे एका आदेशाने पाहता येते.
- डिस्कचे विभाग १ मेगाबाइटच्या सीमेवर सुरू होतात का?
- फाइल व्यवस्थेचे माप डेटाबेसच्या पानाला साजेसे आहे का? एसक्यूएल सर्व्हरसाठी विंडोजवर ६४ किलोबाइटचे माप सुचवले जाते. आठ पानांचा त्याचा एक गठ्ठा तेवढाच असतो.
- डबलराइट किंवा पूर्ण पानाची नोंद कोणी बंद केली आहे का? केली असल्यास कोणत्या हमीच्या भरवशावर?
- ‘लिहिले’ असे सांगितल्यावर वीज गेली तरी मजकूर टिकवणारे कपॅसिटरचे संरक्षण एसएसडीमध्ये आहे का?

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर पासबुकावर छापलेले नसते. खातेदाराला दिसते ती फक्त शिल्लक. परंतु वीज गेली, दिवे पुन्हा लागले आणि शिल्लक होती तेवढीच दिसली, तर त्यामागे कोणीतरी पहिल्याच दिवशी शेर आणि पायली यांचा मेळ नीट घातलेला असतो, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.